केसाळ माशी ओळखा, मगच पंप उचला



गेल्या हंगामात बाजरी पिकविणाऱ्या एका शेतकऱ्याने काडेपेटीतून एक केसाळ कीटक आणला. "बांधावर घोंगावतो, सोंड सुईसारखी आहे. पिकाचा रस शोषत असणार. कोणते औषध मारू?" असा त्यांचा प्रश्न होता. तो कीटक रस शोषणाराही नव्हता आणि मधमाशीही नव्हता. ती बॉम्बिलिडी कुळातील, मधमाशीसारखी दिसणारी माशी होती.

या कुळातील माश्यांना कोरडी, उघडी जमीन आणि भरपूर ऊन मानवते. मध्य आशियातील स्टेप, म्हणजे झाडे नसलेली कोरडी गवताळ मैदाने, हे त्यांचे मोठे वसतिस्थान आहे. आपल्या अवर्षणप्रवण भागातील माळरानांवरही त्या आढळतात.

ओळख कशी पटवावी?

१) पंख : मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, या माशीला एकच. मागील जोडीच्या जागी गुंडीसारखे टोक असलेले दोन लहान दांडे दिसतात.
२) सोंड : लांब, ताठ व पुढे रोखलेली असते. ती फुलातील मधुरसासाठी असते. मधमाशी आपली सोंड डोक्याखाली दुमडून घेते.
३) शृंगिका : आखूड असतात. मधमाशीच्या शृंगिका लांब व कोपरासारख्या वाकलेल्या असतात.
४) पाय : लांब, बारीक असून त्यांवर परागाची टोपली नसते. या माशीला नांगीही नसते.
५) उड्डाण : हवेत एकाच जागी स्थिर राहते व क्षणात दिसेनाशी होते.

जीवनक्रम

मादी अंड्यांवर मातीचे बारीक कण माखून ती जमिनीवर टाकते. अळी जमिनीत शिरून आपले भक्ष्य शोधते. स्टेपमधील ॲनास्टीकस निटिड्युलस या जातीची अळी टोळांच्या अंडीपुंजात शिरून अंडी खाते. सिस्टीकस या वंशातील अळ्याही टोळ व नाकतोड्यांची अंडी खातात. या वंशातील माश्या भारतातही आहेत.

मात्र सर्वच जाती मित्र नाहीत. युरोप व आशियात आढळणारी बॉम्बिलियस मेजर जमिनीत घरटे करणाऱ्या एकांड्या मधमाश्यांच्या अळ्यांवर वाढते. तिच्या पंखांची पुढील कड गडद तपकिरी असते.

काय करावे?

उन्हाळ्यात बांध खरवडताना नाकतोड्यांचे अंडीपुंज उघडे पडतात. त्यांतील काही फोडून पाहावेत. आत पांढरट, बिनपायाची, वाकलेली अळी दिसल्यास ती या माशीची असू शकते. असे पुंज मातीसह बरणीत ठेवून तोंडाला जाळीदार कापड बांधावे. माशी बाहेर पडण्यास वर्षभरही लागू शकते. बाहेर पडलेली माशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी.

केवळ या माश्या दिसल्या म्हणून फवारणी करू नये. बांधावरील रानफुले थोडी राखावीत, कारण प्रौढ माशी त्यांच्याच मधुरसावर जगते. त्या शेतकऱ्यांनाही आम्ही एवढेच सांगितले : औषध नको, बांधावर लक्ष ठेवा.