शतायुषी धावपटू

इसवी सनापूर्वी ४९० साली ग्रीस देशातील मॅरेथॉनच्या मैदानात अथेन्सच्या सैन्याने बलाढ्य इराणी सेनेचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि ती सांगताच गतप्राण झाला, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांत लांब पल्ल्याची एक शर्यत ठेवण्यात आली. तीच मॅरेथॉन शर्यत होय. आज तिचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर, म्हणजे २६ मैलांहून थोडे अधिक, असे ठरलेले आहे.

पूर्वी ही शर्यत निवडक मल्लांची मानली जाई. पुढे मोठमोठ्या शहरांनी ती सामान्य नागरिकांसाठी खुली केली. लंडन शहरात १९८१ सालापासून अशी शर्यत भरते. ग्रिनिचच्या परिसरात तिचा आरंभ होतो. अर्धे अंतर संपण्याच्या सुमारास धावणारे टेम्स नदीवरील टॉवर ब्रिज ओलांडतात आणि अखेर राजवाड्याजवळ पोहोचतात. दुतर्फा उभे असलेले लोक नाव-गाव न विचारता सर्वांना उत्तेजन देतात. बक्षिसाची आशा हजारांत एखाद्यालाच असते. बाकीच्यांची चढाओढ असते ती स्वतःशीच.

१६ एप्रिल २००० रोजी या शर्यतीत एक पगडीधारी वृद्ध गृहस्थ धावत होते. त्यांची शुभ्र दाढी छातीवर रुळत होती. त्यांचे वय होते ८९ वर्षे, आणि मॅरेथॉन धावण्याची त्यांची ती पहिलीच वेळ! त्यांचे नाव फौजासिंग.

फौजासिंग हे मूळचे पंजाबातील जालंदरजवळच्या बिआस पिंड या खेड्याचे. त्यांच्या पारपत्रावर १ एप्रिल १९११ ही जन्मतारीख होती. लहानपणी त्यांचे पाय इतके अशक्त होते की, वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत त्यांना चालता येत नव्हते. काटकुळ्या पायांमुळे सवंगडी त्यांची थट्टा करीत. पुढे शेतात राबून त्यांनी संसार केला. परंतु उतारवयात त्यांच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले. १९९२ साली पत्नीचा वियोग झाला आणि १९९४ साली एक तरुण मुलगा अपघातात दगावला. गावात मन रमेना, म्हणून ते इंग्लंडमध्ये दुसऱ्या मुलाकडे राहावयास गेले.

तेथे भाषा परकी, हवा परकी आणि हाताला काम नाही. रिकामा दिवस पुत्रशोकाची आठवण करून देई. मनाला विसावा मिळावा म्हणून ते चालू लागले आणि चालता चालता धावू लागले. एके दिवशी मॅरेथॉनविषयी कळताच, आपणही ती धावावी असे त्यांच्या मनाने घेतले. हरमंदरसिंग नावाच्या मार्गदर्शकाकडे पहिल्या दिवशी ते चक्क कोट-पाटलोण चढवून आले, असे सांगतात! शर्यत २६ किलोमीटरांची आहे अशी त्यांची समजूत होती. ती २६ मैलांची आहे हे त्यांना मागाहून उमगले. तरीही त्यांनी माघार घेतली नाही. सराव तेवढा वाढविला.

या शर्यतीचे खरे मर्म तिच्या उत्तरार्धात आहे. आपण खाल्लेल्या अन्नातील साखरेचा काही साठा शरीर स्नायूंत व यकृतात राखून ठेवते. धावताना हा साठा खर्च होत जातो आणि सुमारे ३० किलोमीटरांनंतर तो पुष्कळदा संपत येतो. मग पाय जड होतात, डोके सुन्न होते आणि पुढे जणू भिंत उभी राहते. आरंभी उत्साहाच्या भरात जो वेगाने सुटतो, तो या भिंतीवर हमखास आदळतो. वृद्धाला तर अधिक जपावे लागते. कारण वयाबरोबर स्नायू रोडावतात आणि झीज भरून येण्यास वेळ लागतो. म्हणून जाणता धावपटू महिनोन्‌महिने हळूहळू अंतर वाढवितो, मधूनमधून विश्रांती घेतो आणि शर्यतीत प्रारंभी मुद्दाम सावकाश धावतो.

फौजासिंगांनी हेच केले. त्यांचा आहार पोळी, डाळ, भाजी, दही, दूध असा साधा व बेताचा असे. पहिले वीस मैल अवघड नसतात, शेवटचे सहा मैल मात्र मी देवाशी बोलत धावतो, असे ते म्हणत. पहिली मॅरेथॉन त्यांनी ६ तास ५४ मिनिटांत पुरी केली. अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी झटणाऱ्या एका संस्थेच्या मदतीसाठी ते त्या दिवशी धावले होते. सर्वांत वृद्ध धावपटूने सर्वांत लहान जिवांसाठी धावावे, हा केवढा सुंदर योग! पुढे २००३ साली कॅनडातील टोरांटो येथे, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांनी हेच अंतर ५ तास ४० मिनिटांत तोडले. वय तीन वर्षांनी वाढले होते आणि वेळ सव्वा तासाने घटला होता.

१६ ऑक्टोबर २०११ रोजी ते पुन्हा टोरांटोत धावले. या वेळी वय होते १०० वर्षे. तरुण धावपटू केव्हाच पोहोचले होते. संध्याकाळ झाली, मार्गावरील कठडे काढण्याचे काम सुरू झाले, तरी फौजासिंग सावकाश पावले टाकीत येतच होते. ८ तास ११ मिनिटांनी त्यांनी अंतिम रेषा ओलांडली.

शंभर वर्षांच्या मनुष्याने मॅरेथॉन पुरी केल्याचे त्यापूर्वी कोणी ऐकले नव्हते. परंतु विश्वविक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनीज ग्रंथात त्यांना स्थान मिळाले नाही. जन्माच्या वेळचा दाखला दाखवा, असा त्या ग्रंथाचा नियम होता. फौजासिंगांपाशी पारपत्र होते आणि शंभराव्या वाढदिवशी इंग्लंडच्या राणीने पाठविलेले अभिनंदनपत्रही होते. पण १९११ साली खेड्यात जन्मलेल्या बालकाचा दाखला कोठून मिळणार? नियम करणाऱ्यांनाही दोष देता येत नाही. कारण पुराव्यावाचून नोंद झाली, तर त्या नोंदीवर कोण विश्वास ठेवील? तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. ते बेचाळीस किलोमीटर त्या वृद्ध पायांनी खरोखरच तुडविले होते.

नोंद झाली नाही म्हणून फौजासिंग थांबले नाहीत. २०१२ साली लंडन येथे त्यांनी आपली अखेरची मॅरेथॉन पुरी केली व त्याच वर्षी ऑलिंपिकची ज्योत हाती धरली. २०१३ साली हाँगकाँग येथे १० किलोमीटरांची दौड १ तास ३२ मिनिटांत संपवून त्यांनी शर्यतींचा निरोप घेतला. चालणे मात्र त्यांनी कधीच सोडले नाही. १४ जुलै २०२५ रोजी आपल्या जन्मगावी रस्ता ओलांडताना एका मोटारीचा धक्का लागून त्यांचे निधन झाले.

बालपणी जे पाय चालू शकत नव्हते, त्याच पायांनी जगातील मोठमोठी शहरे पालथी घातली. तारुण्यात त्या पायांना शेताने बळ दिले. वार्धक्यात त्यांना दुःखाने वाट दाखविली. दुःख कोणाला चुकत नाही. काही जण त्याच्या भाराखाली बसून राहतात. फौजासिंग ते दुःख बरोबर घेऊन उठले आणि एकेक पाऊल पुढे टाकीत गेले. थोर पराक्रमाची सुरुवात पुष्कळदा अशा एका लहानशा पावलानेच होत असते.

शब्दार्थ

आख्यायिका – परंपरेने चालत आलेली गोष्ट. पारपत्र – परदेशी जाण्याचा सरकारी परवाना. वियोग – ताटातूट. मर्म – मुख्य गोष्ट, रहस्य. निर्विवाद – वाद नसलेले.

स्वाध्याय

१. मॅरेथॉन शर्यतीला ते नाव कसे मिळाले?
२. फौजासिंग धावण्याकडे का वळले?
३. मॅरेथॉनचा उत्तरार्ध अधिक कठीण का असतो?
४. ‘नियम करणाऱ्यांनाही दोष देता येत नाही’ असे पाठात का म्हटले आहे? तुमचे मत सकारण लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : दुःखाचे डोंगर कोसळणे, माघार घेणे, पालथे घालणे.
६. तुमच्या गावातील एखाद्या उद्योगी वृद्ध व्यक्तीची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.