मऊ ब्रेडला मैदा लागत नाही

घरात ब्रेड येतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी. कुणाला ताप येऊन तोंडाची चव गेलेली असते, मुलांच्या डब्यासाठी सकाळी वेळ नसतो, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे दात गेलेले असतात आणि पोळी चावत नाही. तिन्ही ठिकाणी हवे असते ते मऊ खाणे, आणि मऊ ब्रेड म्हणजे मैद्याचाच, हे आपण न तपासता मान्य करून टाकले आहे. नरखेड तालुक्यात ही गोष्ट जरा जास्तच खटकते. इथे संत्रा-मोसंबीच्या बागांबरोबर ओलिताच्या वावरात रब्बीचा गहू होतो. पुष्कळ घरांत वर्षाचा गहू कोठीत भरलेला असतो आणि तो गावातल्याच चक्कीवर दळला जातो. अशा घरातला माणूस मोवाडच्या, जलालखेड्याच्या किंवा सावरगावच्या दुकानातून कोंडा आणि अंकुर काढून टाकलेल्या गव्हाचा ब्रेड पैसे मोजून आणतो, तो केवळ मऊ मिळतो म्हणून. मला एवढेच पटवून द्यायचे आहे, की मऊपणाचा मक्ता मैद्याकडे नाही. मऊपणा पाण्याने आणि सवडीने येतो, आणि घरच्या कणकेला या दोन्ही गोष्टी देता येतात.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू दिले आहेत आणि मैद्यात पावणेतीन. लोह कणकेत ४ मिलिग्रॅमच्या आसपास, मैद्यात पावणेदोन. प्रथिने मात्र दोन्हींत जवळपास सारखीच, दहा-साडेदहा ग्रॅम. तेव्हा मैद्याला विष म्हणण्याची जी फॅशन आली आहे तिच्यात मी सामील नाही. मैदा म्हणजे उपयोगी भाग चाळणीवर सोडून आलेले पीठ, इतकेच. पण तो सुटलेला भाग किरकोळ नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला एक मोठा आढावा छापला. १८५ दीर्घकालीन निरीक्षणे आणि ५८ चाचण्या त्यात एकत्र केल्या होत्या. भरपूर तंतू खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी तंतू खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले, आणि सर्वाधिक फायदा दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतूंच्या टप्प्यात दिसला. निरीक्षणातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे खरे. पण त्याच आढाव्यातल्या चाचण्यांत वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही उतरले होते, म्हणून हा पुरावा बाजूला सारता येत नाही.

यावर सोपा उपाय म्हणून लोक ब्राऊन ब्रेड आणतात. त्यांनी एकदा पाकिटाची मागची बाजू वाचावी. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. पहिले नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ किंवा ‘मैदा’ असेल आणि खाली कुठेतरी ‘कॅरॅमल कलर’ किंवा १५० हा आकडा असेल, तर तो तपकिरी रंग कोंड्याचा नसून जाळलेल्या साखरेचा आहे. ब्रेडच्या पिठात पूर्वी घालत त्या ब्रोमेट या रसायनाची भीती मात्र आता फार बाळगू नये. २०१६ च्या मे महिन्यात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्लीतल्या ब्रेड-पावाचे ३८ नमुने तपासले, त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश सापडले आणि महिनाभरात ब्रोमेटवर देशभर बंदी आली. घरी ब्रेड करण्याचे माझे कारण ते नाहीच. घरी मीठ किती आणि कणीक किती हे आपल्या हातात राहते, हे कारण पुरेसे आहे.

आता मूळ मुद्दा. कणकेचा ब्रेड विटेसारखा होतो, ही तक्रार खोटी नाही. गव्हातली दोन प्रथिने पाण्यात भिजून एकमेकांत गुंफली जातात आणि ताणले जाणारे ग्लुटेन तयार होते; यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकतो आणि ब्रेड फुगतो. कणकेत कोंडा दोन प्रकारे आड येतो. तो पाणी सावकाश पितो, पण पितो भरपूर. त्यामुळे सुरुवातीला बरोबर वाटलेली कणीक तासाभरात घट्ट होते. शिवाय न भिजलेल्या कोंड्याच्या धारदार कडा ते जाळे कापत राहतात. पण यात गव्हाचा किंवा कणकेचा दोष नाही, हे सिद्ध करायला परदेशी पुस्तक नको. नागपूरकडची लांब रोटी पाहा. सैल कणीक पाण्याच्या हाताने आपटून आपटून इतकी ताणतात, की ती कोपरापर्यंत लोंबते आणि उपड्या मडक्यावर कागदासारखी पातळ पसरते. मैद्याशिवाय हे होते ते दोनच गोष्टींमुळे, पाणी आणि तिंबणे. चतुर वाचक म्हणेल, की त्या रोटीची कणीक बारीक चाळतात, कोंडा निघून जातो. बरोबर आहे. म्हणूनच ब्रेडसाठी कोंडा काढण्याऐवजी तो आधी भिजवायचा, म्हणजे त्याच्या कडा नरम पडतात आणि तो नंतर कणकेचे पाणी ओढत नाही.

प्रमाण असे. अर्धा किलो कणीक, लोकवनसारख्या गव्हाची, चक्कीवर नेहमीपेक्षा बारीक दळून आणलेली. चाळायची नाही. बन्सी गहू या कामाला घेऊ नये; त्याची कणीक चिवट असते पण ताणली जात नाही. यातली मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम कणीक १५० मिली पाण्यात कालवून मंद आचेवर पातळ खिरीसारखी शिजवून घ्या आणि निवू द्या. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशीही ब्रेड कोरडा पडत नाही तो यामुळे. उरलेल्या कणकेत ही पेज आणि आणखी २२५ ते २५० मिली पाणी घालून नुसती कालवा, झाका आणि अर्धा-पाऊण तास हात लावू नका. मग दीड लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, सपाट एक लहान चमचा मीठ, मोठा चमचाभर गूळ आणि दोन मोठे चमचे तेल घालून दहा-बारा मिनिटे तिंबा. कणीक हाताला चिकटेल. पोळीच्या कणकेची सवय असलेला हात इथे लगेच कोरडे पीठ लावायला जातो आणि बहुतेक ब्रेड त्या क्षणीच बिघडतात. पीठ लावू नका, हाताला तेल लावा. तिंबून झाले की लहानसा उंडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. न फाटता पापुद्रा झाला आणि त्यातून खिडकीचा उजेड दिसला, तर जाळे तयार आहे. लगेच फाटला तर आणखी तिंबायला हवे. मग झाकून फुगू द्या, हलक्या हाताने दाबून लांबट आकार द्या, तेल लावलेल्या डब्यात अर्ध्याच्या वर भरेल इतका ठेवा आणि पुन्हा फुगू द्या. या वेळी तो दुप्पट होण्याची वाट पाहत बसू नका. दीडपट झाला आणि बोटाने दाबलेला खड्डा सावकाश वर येऊ लागला, की भाजायला घ्या. जास्त फुगवलेला कणकेचा ब्रेड भट्टीत खाली बसतो. १९० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे पुरतात. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. पूर्ण निवल्याशिवाय कापलात तर आतून चिकट निघेल, आणि दोष उगाच कणकेला जाईल.

भिजवायच्या पाण्यातले चार-पाच मोठे चमचे पाणी कमी करून तितका संत्र्याचा रस घाला, ही सूचना मी केवळ नरखेडचे कौतुक म्हणून करत नाही. कोंड्याचा किंचित कडवटपणा रसाने मावळतो, आणि क जीवनसत्त्व ग्लुटेनचे जाळे बळकट करते. मोठ्या बेकऱ्या याच कामासाठी ॲस्कॉर्बिक ॲसिड वापरतात. मात्र भाजताना हे जीवनसत्त्व जवळजवळ नष्ट होते, त्यामुळे त्याच्या मदतीने ब्रेडमधले लोह अंगी लागावे अशी इच्छा असेल तर संत्रे ब्रेडबरोबर ताजे खायला हवे. आंबिया आणि मृग दोन्ही बहार हाताशी असलेल्या तालुक्यात हे अवघड नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, म्हणून हा मुद्दा लहान समजू नका. कोंड्यातले फायटेट लोहाला धरून ठेवते, हा कणकेवरचा आक्षेप खरा आहे. पण कणीक फुगत असताना गव्हातलेच एक एन्झाइम ते फायटेट काही प्रमाणात तोडते. म्हणून सावकाश फुगवलेला ब्रेड घाईच्या ब्रेडपेक्षा बरा. आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती ब्रेड-चहाच्या वेळेला घेऊ नये.

ओव्हन नाही, ही अडचण मोठी नाही. जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये मीठ पसरून, वर जाळी ठेवून, दहा मिनिटे तापवून डबा आत ठेवता येतो. कुकर असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचे. यात विसर चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ कडे जातो तेव्हा माठातले पाणी घ्या आणि यीस्ट निम्मे करा, नाहीतर कणीक तासाभरात आंबून जाईल. थंडीत उलट, रात्री झाकून ठेवलेली सकाळी घेता येते. घरच्या ब्रेडमध्ये टिकवण्याचे रसायन नसते, त्यामुळे उन्हाळ्यात तो दोन दिवसांत संपवा. आतून तार सुटत असेल आणि पिकून गेलेल्या फळासारखा वास येत असेल, तर तो जिवाणूंनी बिघडलेला आहे, फेकून द्या. पावसाळ्यात एका कोपऱ्याला बुरशी दिसली तरी पूर्ण ब्रेड टाका. तेवढा तुकडा काढून उरलेला भाजून खाणे धोक्याचे आहे. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ब्रेड बाहेरपेक्षा लवकर शिळा लागतो. ठेवायचाच तर काप करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: पोळी असताना ब्रेड कशाला? याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण आक्षेप योग्य आहे. ज्याला पोळी चावते, पचते आणि वेळेवर मिळते त्याने ब्रेडच्या वाटेला जायचे कारण नाही. माझा सल्ला ज्या घरात ब्रेड येतोच त्या घरासाठी आहे. मधुमेही वाचकांनी तर इथे थोडे थांबावे. रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा जो निर्देशांक मोजतात, त्याच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढरा ब्रेड सरासरी ७५ वर आहे आणि संपूर्ण गव्हाचा ब्रेड ७४ वर. चपाती मात्र ५२ वर. म्हणजे कणकेचा ब्रेड पांढऱ्यापेक्षा तंतूंनी, लोहाने आणि जीवनसत्त्वांनी सरस आहे, साखरेच्या हिशेबात नाही. बारीक दळलेले पीठ आणि फुगून पोकळ झालेला ब्रेड पचतो लवकर. तेव्हा दोन काप म्हणजे दोन फुलके धरा, ते पोळीच्या जागी खा, पोळीवर नको. बरोबर मोड आलेली मटकी, अंडे किंवा दही घ्या. जॅम नको.

यीस्टने पोटात कणीक फुगते, ही समजूत बिनबुडाची आहे. भट्टीतल्या उष्णतेत यीस्ट मरते. ग्लुटेनही सर्वांना वर्ज्य नाही. सिलिअक आजार असलेल्यांनी गहू पूर्ण टाळायचा, पोळीसुद्धा. तसा संशय असेल तर आधी रक्त तपासा आणि मगच गहू बंद करा, कारण बंद केल्यावर तपासणी फसते. जुलाब चालू असताना, किंवा आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी कमी कोंड्याचे सांगितले असेल तेव्हा, मऊ भातच बरा. कणकेच्या ब्रेडचा हट्ट धरू नका. आजवर घरात मैद्याचाच ब्रेड खाल्ला जात असेल तर एकदम बदल करू नका. पहिले आठ-दहा दिवस एकेक काप, आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या, नाहीतर पोट फुगेल. मधुमेहींनी पहिल्यांदा हा ब्रेड खाल्ल्यावर दोन तासांनी साखर मोजावी आणि तो आकडा वहीत लिहून पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना दाखवावा.