शहरातला बिबट्या आणि आपण

२०२२ सालचा ऑगस्ट महिना बेळगावकर सहजासहजी विसरणार नाहीत. जाधवनगरात एका बांधकाम मजुरावर बिबट्याने हल्ला केला आणि पुढे तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरल्याचे कळले. आसपासच्या २२ शाळांना सुटी मिळाली. पिंजरे लागले, कॅमेरे बसले, ड्रोन उडाले, शिमोग्याकडच्या सक्रेबैल छावणीतून दोन हत्तीही आले. बिबट्या मात्र शेवटपर्यंत हाती लागला नाही.

मी तेव्हा बारावीत होतो. "चिरते बंतु, चिरते!" अशी ओरड ऐकताच सायकल काढून मीही मैदानाकडे धावलो. रस्त्यावर जत्राच भरली होती. कोणी झाडावर, कोणी कुंपणावर. पोलीस बिचारे लाठ्या आपटून थकलेले. दोन तास उभा राहिलो, पण बिबट्याचे शेपूटही दिसले नाही. घरी आल्यावर आईने चांगलेच फैलावर घेतले. पुढे प्राणिशास्त्र विषय घेतल्यावर समजले, की तिचे रागावणे शास्त्राला धरूनच होते.

बिबट्या दिसला, की आपली पहिली मागणी ठरलेली: पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. वरवर पाहता यात गैर काहीच नाही. मीही त्या दिवशी तेच ओरडत होतो. परंतु पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागाचा अनुभव निराळा आहे. तेथे उसाच्या शेतात बिबटे वर्षानुवर्षे राहत आले आहेत. २००१ नंतर त्यांना मोठ्या संख्येने पकडून दूर सोडण्याची मोहीम झाली. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ती सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचले. म्हणजे औषधानेच दुखणे वाढवले!

असे का व्हावे? बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. कोठे पाणी, कोठे आडोसा, माणसे कोणत्या वेळी कोठून जातात, हे त्याला पाठ असते आणि त्या माहितीच्या बळावर तो माणसाला टाळतो. पिंजऱ्यात कोंडलेले, बिथरलेले जनावर अनोळखी मुलखात सोडले, की ही सारी माहिती निरुपयोगी ठरते. त्यात इकडे रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतोच.

२००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला वर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. 'आजोबा' हे त्याचे नाव. हे आजोबा शंभराहून अधिक किलोमीटर चालून, लोहमार्ग ओलांडून, मुंबईलगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचले. वाटेत त्यांनी कोणालाही इजा केली नाही. २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला.

याच उद्यानाची हकीकत आपल्याला खरी उपयोगी आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल, आणि भोवती मुंबई-ठाण्याची अफाट वस्ती. २००२ ते २००४ या काळात येथे बिबट्यांचे हल्ले फार वाढले आणि अनेक माणसे प्राणास मुकली. २०११ मध्ये वनखात्याने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम हाती घेतला. त्या वेळी सुनील लिमये उद्यानाचे संचालक होते. यातले विशेष असे, की काम बिबट्यावर कमी आणि माणसांवर अधिक झाले. पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या. 'नरभक्षक' हा शब्द ऊठसूट छापला, की गर्दी आणि घबराट वाढते, हे त्यांना पटवले. पोलिसांना सांगितले, की तुम्ही बिबट्याकडे नव्हे, जमावाकडे पाहा. कोंडीत सापडलेले जनावर जमाव पाहूनच अंगावर येते. (हे वाचताना मला माझी सायकल आठवली.) वस्त्यावस्त्यांतून कार्यकर्ते फिरले. कचऱ्याचा ढीग साचला, की त्यावर कुत्री आणि डुकरे पोसतात. आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. दिवा नसलेली वाट, रात्री उघड्यावर शौचाला जाणे, अंधारात एकटे खेळणारे मूल, हे धोके बिबट्याला न पकडताही कमी करता येतात. उद्यानालगतच्या पाड्यांतील वारली लोक वाघोबाला देव मानतात. त्यांना यातले पुष्कळसे आधीच माहीत होते. शिकायचे होते ते इमारतींतल्या लोकांनी.

हल्ले पुष्कळ घटले, संपले मात्र नाहीत. आरे वसाहतीत २०२१ साली पुन्हा हल्ले झाले आणि २०२२ च्या दिवाळीत एक तान्हे मूल गेले. त्या घरातल्या माणसांना आकडे सांगून काय उपयोग? जंगलप्रेमाच्या भरात हे लपवणारे लेख मला आवडत नाहीत. पण त्या वस्तीला वाचवायचे, तर दिवे, शौचालये आणि कचऱ्याची व्यवस्था, याहून जवळचा मार्ग मलातरी दिसत नाही.

यंदा आमच्या वर्गाने आपल्या गल्ल्यांपुरता हा प्रयोग करायचे ठरवले. कन्नड विभागातला माझा एक मित्र आणि मी मिळून एक पत्रक लिहिले, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. आपल्या गावात पाटी कोणत्या भाषेत लावावी यावर काय काय होते, ते वाचकांना सांगायला नको. पण या पत्रकावर कोणी हरकत घेतली नाही. दोघे घरोघर फिरलो. शेवटच्या बोळात एका आजींनी पत्रक शांतपणे वाचून घेतले आणि म्हणाल्या, "बाळांनो, तुमचं समदं खरं. पण कचऱ्याची गाडी ह्या बोळात शिरतच न्हाई, मग घाण कुठं ठेवायची?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बोळ मोजला. ढकलगाडी सहज जाईल एवढा तो रुंद आहे. तसा अर्ज बोळातल्या सर्व घरांच्या सह्यांनिशी आम्ही दिला आहे. सह्यांत पहिली सही आजींची आहे.