चटईएवढी जागा

1. जागा नाही ही सबब लालबागला चालत नाही.

आमची खोली दहा बाय बाराची, आणि लहानपणी आम्ही तिच्यात सातजण. पहाटे पाणी भरायचं, मग पहिल्या पाळीचे डबे, मग शाळेची पोरं. या सगळ्याच्या मधे चटईएवढी फरशी मोकळी व्हायची, तीही थोडाच वेळ. मी योग शिकले तो त्या फरशीवर. आज शाळेच्या हॉलमध्ये वस्तीतल्या बायकांना शिकवते तेही त्याच हिशेबाने. हात पसरल्यावर शेजारणीला लागत नाही ना, एवढं बघायचं.

2. सुरुवात आसनापासून नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत 196 सूत्रं आहेत, काही पाठांत 195. त्यांतली आसनावरची फक्त तीन. आठ अंगांमध्ये आसनाचा नंबर तिसरा. त्याच्या आधी यम आणि नियम येतात. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम आपण इतरांशी कसं वागतो यावर उतरतात. गुहेत एकट्या बसलेल्याला अस्तेयाचे काय कष्ट? ते चाळीत पाळून बघावं.

सामाईक नळावर आपल्या वाटणीचे हंडे भरून झाले आणि मागे कुणी दिसत नाही म्हणून आणखी एक लावला, तर शेवटच्या खोलीतल्या काकींची पाळी येईपर्यंत नळ सू सू करायला लागतो. तो जास्तीचा हंडा न लावणं हे अस्तेय. दाराबाहेर गॅलरीत मोडकी सायकल आणि जुनं कपाट वर्षानुवर्षं पडलेलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याने अंग चोरून चालायचं. ते हलवणं हा अपरिग्रह. आमच्या भिंती पातळ. रात्री शेजारच्या नवराबायकोत काय झालं ते सगळं ऐकू येतं. ते सकाळी नळावर न उगाळणं याला मी अहिंसा म्हणते, आणि कुठल्याही कठीण आसनापेक्षा ही मला अवघड वाटते.

योग म्हणजे तत्त्वज्ञान, साधना की व्यायाम, यावर लोक तावातावाने भांडतात. भांडणाऱ्यांनी आधी यम हाती घ्यावेत. ते वाचून अंगी लागत नाहीत आणि कंबर वाकवूनही येत नाहीत. रोज माणसांत पाळावे लागतात. नुसत्या वाचणाऱ्याला आणि नुसत्या वाकणाऱ्याला तिथे एकाच रांगेत उभं राहावं लागतं.

3. व्यायामाला कमी लेखू नये.

आमच्या गिरणगावात तालमी आणि व्यायामशाळा होत्या, काही अजून आहेत. जोर, बैठका, मल्लखांब हे इथल्या पोरांना कुणी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. म्हणून ‘योगाचा तुम्ही नुसता व्यायाम करून टाकलात’ असं कुणी नाक मुरडलं की मला स्वामी कुवलयानंद आठवतात. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या तालमीत त्यांनी शरीर कमावलं, मग माधवदासजींकडे योग शिकले. 1924 साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं आणि उड्डियान, नौली करताना पोटात नेमकं काय होतं ते क्ष-किरणांखाली तपासलं. माधवदासजींचेच दुसरे शिष्य श्री योगेंद्र यांनी त्याआधी, 1918 साली, मुंबईत द योग इन्स्टिट्यूट सुरू केली होती. पुढे बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्याला शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. 1952 साली त्यांची व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याशी गाठ पडली ती मुंबईत, आणि त्यांची विद्या परदेशात गेली ती त्या ओळखीतून. 21 जूनला, योगदिनी, जगभर लोक चटया पसरतात त्यामागे या मुंबई-लोणावळा-पुण्याच्या माणसांची मेहनत मोठी आहे. यांतल्या एकानेही शरीराला हलकं मानलं नाही.

फरक आहे तो पुढे. जोर मारताना आपण आकडा मोजतो. आसनात आकडा सोडायचा आणि बघत राहायचं. ताडासनात नुसतं उभं राहा. वजन टाचेवर जास्त की चवड्यावर? उजव्या पायावर की डाव्या? दात आवळलेत का? वर्गात नवीन आलेल्या बाईला हे विचारलं की ती आधी गोंधळते. आयुष्यभर ओट्यापाशी उभी राहिलेली असते, पण आपण कशा उभ्या राहतो हे तिने कधी पाहिलेलं नसतं. पाहायला लागली की खांदे आपोआप खाली येतात. घामाची कसरत तिथून योगात शिरते.

4. श्वास सोडण्यापासून शिकावा.

आमचे आप्पा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस विंचरला जातो आणि बारीक धूळ हवेत तरंगत राहते. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी त्यांची छाती आवळायची, पुढच्या दिवसांत जरा सैल व्हायची. डॉक्टरांच्या भाषेत याला बिसिनोसिस म्हणतात, आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस वाईट जाणं ही त्याची ओळखीची खूण. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आप्पांची गिरणी पुन्हा धड चाललीच नाही. धाप मात्र त्यांच्याबरोबर घरी आली.

मी त्यांना शिकवलं ते अगदी थोडं. खाटेच्या कडेला बसायचं, कोपरं मांड्यांवर टेकायची, मान सैल. श्वास नाकाने येईल तेवढाच घ्यायचा. सोडताना ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून सावकाश, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. कुंभक नाही, भस्त्रिका नाही, कपालभाती तर नाहीच. त्यांची फुप्फुसं नवी झाली नाहीत. पंप उशाशी राहिला तो शेवटपर्यंत. पण धाप लागली की आधी त्यांचे डोळे भिरभिरायचे, हात गजाला घट्ट धरायचे, ते थांबलं. ‘जाऊ दे बाहेर, येईल परत,’ असं स्वतःशीच पुटपुटत बसायचे. मनाची खळबळ आवरणं म्हणजे योग, हे पतंजलींचं म्हणणं मला पुस्तकातून समजलं होतं. पटलं ते त्या खाटेपाशी.

प्राणायामाने औषध सुटतं असं छातीठोक सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्या वर्गाला जाऊ नये.

5. शवासन गाळू नये.

घाई असली की बायका शेवटचं शवासन सोडून उठतात. त्यांना मी परळच्या केईएमची गोष्ट सांगते. तिथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकवलं आणि 1969 साली त्यावरचा निबंध परदेशी वैद्यकीय नियतकालिकात छापला. बऱ्याच जणांचा दाब उतरला, औषध चालू असलेल्यांतल्या अनेकांची मात्रा कमी करता आली. रुग्ण थोडे होते आणि सगळ्यांना गुण आला असंही नाही, हेही सांगते. पण लालबागहून चालत जाता येईल अशा महापालिकेच्या रुग्णालयात हे काम झालं, याचा मला अभिमान आहे.

6. शांतता मिळेल तेव्हा बसू, असं म्हणू नये.

गणपतीत दहा दिवस रात्रंदिवस रांगा, ढोल-ताशे, लाउडस्पीकर. एप्रिल-मेमध्ये मसाल्याच्या गल्लीत मिरची कुटायला येते आणि वारा तिकडून वाहिला की वर्गात ठसका लागतो. त्या दिवसांत खिडक्या लावून घेतो आणि श्वासाचे जोरकस प्रकार बंद ठेवतो. आवाजाचं मात्र तसं करता येत नाही. तो ऐकू येऊ द्यायचा, त्याच्यामागे जायचं नाही. प्रत्याहाराचा, म्हणजे इंद्रियं आवरण्याचा, सराव करायला गणपतीचे दिवस चांगले.

7. साधनेची वाट भजनी मंडळातूनही जाते.

आमच्या चाळीत ज्ञानेश्वरीचं पारायण व्हायचं. सहाव्या अध्यायात आसन कसं घालावं, कुंडलिनी कशी जागी होते, याचं सविस्तर वर्णन आहे. निवृत्तिनाथांकडून आलेली ती नाथपंथाची विद्या ज्ञानदेवांनी 1290 साली मराठीत आणली. गिरणीतून थेट पारायणाला बसणाऱ्या माणसांना ते चक्रांचं वर्णन किती उमगत होतं कोण जाणे. पण पुढे बाराव्या अध्यायात भक्तीची वाट योगाच्या खडतर वाटेपेक्षा जवळची ठरते, तिथे माना डोलायच्या. मला स्वतःला ध्यानात प्रकाशबिकाश काही दिसलेला नाही. दिसावा म्हणून बसतही नाही. बसून उठल्यावर घरातल्या माणसांशी माझा आवाज कसा लागतो, त्याच्याकडे माझं लक्ष असतं.

8. एक मागणं.

गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यांत योगाच्या वातानुकूलित खोल्याही आल्या. त्या चांगल्या आहेत. तिथले काही शिक्षक आमच्याकडे येऊन शिकवूनही जातात. पण गुडघे धरलेली मावशी तिथे जाणार नाही. तिला फी झेपत नाही, आणि लिफ्टपाशी उभा असलेला गार्ड बघूनच ती मागे फिरते. तिला हवी आहे भिंत, एक न डगमगणारी खुर्ची आणि ओळखीच्या चार बायका. वस्तीतल्या शाळांचे हॉल सकाळी भरण्याआधी तासभर रिकामे असतात. ते उघडे मिळावेत, झाडायचं काम आम्ही करू.