'लेट' ह्या इंग्रजी क्रियापदाविषयी

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या बंधूंस 'लेट' हे क्रियापद सोपे वाटते. जाऊ देणे, बोलू देणे ह्यांतील 'देणे' तेच हे. त्याच्या पुढील क्रियापदास 'टू' लागत नाही व भूतकाळी त्याचे रूप पालटत नाही. घर भाड्याने देणे हाही ह्याचाच अर्थ. शहरात घरांवर 'टू लेट' अशी पाटी असते ती ह्यामुळे.

परंतु १६११ सालचे इंग्रजी शास्त्र वाचणाऱ्याने सावध असावे. रोमकरांस पत्र १:१३ येथे पौल आपल्या बेताविषयी लिहितो, तेथे हाच शब्द आहे. नेहमीचा अर्थ घेतला तर पौलास येऊ दिले असे होईल. वास्तविक त्यास अडथळा झाला होता! २ थेस्सलनीकाकरांस २:७ येथेही तसेच. अशा चुकीवर उपदेश रचिला तर ऐकणाऱ्यांनी काय करावे?

मूळचे हे दोन निरनिराळे शब्द होत. प्राचीन इंग्रजीत 'लॅतन' म्हणजे सोडणे, करू देणे. 'लेत्तन' म्हणजे अडविणे. हा दुसरा 'मंद' अशा अर्थाच्या शब्दापासून झाला. गाडी 'लेट' झाली असे आपण म्हणतो, तो शब्दही त्याच घराण्यातला. पुढे दोहोंचे रूप एक झाले, आणि अडविण्याचा अर्थ मागे पडला. १८८१ च्या सुधारलेल्या नव्या करारात दोन्ही वचनांतील शब्द बदलिला आहे.

तथापि तो अर्थ अगदीच गेला नाही. भारतीय पासपोर्ट उघडून पाहावा: धारकास 'लेट'वाचून, म्हणजे अडथळ्यावाचून, जाऊ द्यावे अशी विनंती राष्ट्रपतींच्या नावे तीत छापलेली असते.