टेस्टिंगचा खर्च वाचवा: ओपन सोर्स टूल्सची सुरुवात कुठून करायची?

ऑनलाइन दुकानाची वेबसाइट तयार झाली की बरेच जण टेस्टिंग सोडून देतात. म्हणतात, "टूलचे पैसे कोण भरणार?" पण ऐन दिवाळीत 'ऑर्डर करा' हे बटण चाललं नाही, तर गिऱ्हाईक थांबत नाही, दुसरीकडे जातं.

लायसन्सचे पैसे न लागणारी तीन टूल्स बघा:

१. सेलेनियम: २००४ पासूनचं. ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासतं. जुनं असल्याने ते येणारी माणसं सहज मिळतात.

२. प्लेराइट: मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलं. यातलं 'कोडजेन' तुमचे क्लिक बघून टेस्टचा कोड लिहून देतं.

३. अपाची जेमीटर: एकाच वेळी शंभर जण साइटवर आले तर काय होईल, ते दाखवतं. होस्टिंगवाल्याला विचारूनच चालवा.

पण लक्षात ठेवा, टूल फुकट आहे, वेळ फुकट नाही. डिझाइन बदललं की टेस्टही दुरुस्त करावी लागते. डेव्हलपरचे ते तास खर्चात धरा. म्हणून सगळं एकदम तपासायला जाऊ नका. ज्या वाटेने पैसे येतात ती आधी घ्या: वस्तू, कार्ट, पत्ता, पेमेंट. पेमेंट मात्र गेटवेच्या टेस्ट मोडमध्येच तपासा.

आजचा गृहपाठ: ही वाट कागदावर पायरी-पायरीने लिहा आणि डेव्हलपरला द्या. टेस्टचा कोड तुमच्याच ताब्यात राहील, हे करारात लिहून घ्या. उद्या डेव्हलपर बदलला तरी काम अडणार नाही.