तोंडीलावण्याचे पक्वान्न

आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्र जवळ आली म्हणजे सोलापूरच्या बाजारात रताळ्यांच्या राशी दिसू लागतात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे आषाढीचा उपवास येथे पुष्कळ घरी पाळला जातो. त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी यांच्या जोडीस रताळ्याचा तिखट कीस हे सर्वांचे आवडते तोंडीलावणे होय. ज्या घरी उपवास नसतो, त्या घरीही शेजारून आलेली किसाची वाटी रिकामी होण्यास वेळ लागत नाही. याच रताळ्याचे घरच्या घरी पक्वान्न कसे करता येईल, आणि त्यास गूळ थोडाच का पुरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम रताळ्याची ओळख करून घेऊ. रताळे व बटाटा यांस आपण एकाच टोपलीत ठेवतो. परंतु बटाटा हे जमिनीखालचे खोड आहे, तर रताळे हे अन्नाच्या साठ्याने फुगलेले मूळ आहे. आपल्या कुंपणावरील गणेशवेल ही त्याची जवळची आप्त. त्याची जन्मभूमी अमेरिका खंड होय. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ते युरोपात पोहोचले आणि पुढे पोर्तुगीज लोकांबरोबर हिंदुस्थानात आले. मिरची व भुईमूग हीही त्याच खंडातील पिके. म्हणजे ज्या किसास आपण जुन्या चालीचे फराळाचे पदार्थ समजतो, त्यातील मुख्य जिन्नस दूरदेशीचे पाहुणे आहेत!

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कच्चे रताळे फारसे गोड लागत नाही. मग भाजल्यावर त्यात गोडी कोठून येते? रताळ्यात पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च, विपुल असतो, व त्याच्याच शेजारी एक विकरही असते. उष्णता सुमारे ६० ते ७५ अंश सेल्सिअस झाली म्हणजे स्टार्चचे कण फुगून मऊ होतात आणि हे विकर त्यांचे तुकडे करून माल्टोज नावाची शर्करा तयार करते. उष्णता याहून फार वाढली की विकर निकामी होते व हे काम थांबते. माल्टोज आपल्या साखरेच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच गोड असते. परंतु ती भरपूर तयार झाली म्हणजे रताळ्याची चव पालटून जाते.

यावरून असे दिसेल की, रताळे या मधल्या उष्णतेत जितका अधिक वेळ राहील, तितकी त्याची गोडी वाढेल. किसाचे बारीक धागे तापल्या तुपात काही मिनिटांत शिजतात. विकरास अवधीच मिळत नाही, आणि म्हणूनच त्यास मिरची-जिऱ्याची चव शोभते. उलट चुलीच्या फुफाट्यात पुरलेले अखंड रताळे आतपर्यंत हळूहळू तापते, आणि सालीतून मधासारखा चिकट पाक पाझरतो. आपल्या आजींना विकराचे नाव ठाऊक नव्हते. पण रताळे फुफाट्यात किती वेळ ठेवावे हे त्या नेमके जाणत होत्या.

विद्यार्थिमित्रहो, हे केवळ वाचून सोडू नका. एकाच ढिगातील सारख्या आकाराची दोन रताळी घ्या. एकाचे बारीक तुकडे करून ते उकळत्या पाण्यात टाका व झटपट शिजवा. दुसरे अखंड ठेवून जाड बुडाच्या भांड्यात, झाकण घालून, अगदी मंद आचेवर तासभर भाजा. मधून मधून फिरवीत जा. मग दोन्ही निवल्यावर चाखून पाहा.

आता पक्वान्न. अर्धा किलो रताळी धुऊन वरीलप्रमाणे सावकाश भाजावीत. निवल्यावर साल काढून, धागे असल्यास तेही काढून, चांगली कुस्करावीत. कढईत दोन मोठे चमचे तूप घालून हा लगदा मंद आचेवर परतावा. कडेने तूप सुटू लागले म्हणजे पाव वाटी चिरलेला गूळ घालावा. तो विरघळून मिश्रण पुन्हा घट्ट झाले की अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, वेलदोड्याची पूड व चिमूटभर मीठ घालून खाली उतरवावे. गूळ एकदम अधिक घालू नये. आधी चव पाहावी. बदाम व खवा यांची येथे मुळीच गरज नाही. शेंगदाण्याची चटणी हे ज्या नगरीचे भूषण, तेथे दाण्याचे कूट कोणास कमी वाटेल? यात दूध घालू नये, कारण गुळाने गरम दूध फाटण्याचा संभव असतो.

परदेशातही हाच प्रकार आढळतो. अमेरिकेत नोव्हेंबर महिन्यातील थँक्सगिव्हिंगच्या सणास कुस्करलेले रताळे तोंडी लावावयास असते, आणि त्याच रताळ्याची 'पाय' नावाची गोड पोळी भोजनाच्या शेवटी वाढतात. गुलामगिरीत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे १८९६ पासून टस्कीगी येथील विद्यालयात शिकवीत. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग व रताळी लावण्याचा उपदेश त्यांनी गरीब शेतकऱ्यांस केला, आणि ती खावीत कशी याच्या पाककृतींची पत्रकेही काढली.

नारिंगी गराच्या रताळ्यात अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य विपुल असते, आणि तुपासारख्या स्निग्ध पदार्थाबरोबर ते अंगी चांगले लागते. आफ्रिकेत अशा रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांस २०१६ साली जागतिक अन्न पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या बाजारातील पांढऱ्या गराच्या रताळ्यात हे द्रव्य फार थोडे असते. म्हणून नारिंगी रताळी मिळाल्यास पालकांनी ती अवश्य घ्यावीत.

सणाच्या दिवशी मुलांच्या पानात गोड पडावे अशी प्रत्येक माउलीची इच्छा असते, आणि महागाईत ती पुष्कळदा मनातच राहते. अशा घरी थोडी रताळी, मूठभर शेंगदाणे आणि तासभर मंद आच एवढ्यावर पक्वान्न होऊ शकते. तो तासभर चुलीजवळ बसण्याचे काम मात्र उपवासाने थकलेल्या आईवर न टाकता मुलामुलींनी स्वतः करावे. म्हणजे पदार्थाची गोडी आणखी वाढेल.